पहिलं नगं

बेळगावजवळ काकतीच्या पुढं हायवेला लागून म्हाताऱ्या माणसांचं एक होम आहे. तिथल्या एकतीस खोल्यांत माझा आवाज राहतो. थाप नाही मारत. सकाळी "उठलासा काय?" विचारणारी मी, गोळीची आठवण करणारी मी, "आज थंडी हाय, कानाला बांधा" सांगणारीसुद्धा मीच. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देताना माझा घसा सुकायचा. आणि आता निपाणीतल्या आमच्या अख्ख्या शाळेत यंत्राला आवाज दिलेली मी एकटीच. हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी स्टेजवर बोलावून सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून मी माइकला भीत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझं कौतुक नाही.

चंपाबाई म्हणजे माझी आज्जी, अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, आई. दिवाळीनंतर ती बस्तीच्या पायरीवरून घसरली. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. खुब्याचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, पण डॉक्टर म्हणाले तीन महिने सतत माणूस लागेल, रोज व्यायाम लागेल. आमचं घर अण्णांच्या मोटार-पंपाच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिना इतका अरुंद की गव्हाचं पोतं आडवं येत नाही. पायऱ्या अकरा. आई चिकोडीला बँकेत, अण्णा दुकानात, मी दहावीत. म्हणून होम.

"अकरा पायऱ्या चढलीस की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो," अण्णांनी आज्जीला सांगितलं.

आज्जीनं मला जवळ बोलावून विचारलं, "होम म्हंजे इंग्लिशमधी घरच न्हवं गं?" मी व्हय म्हटलं. "मग दोन-दोन घरं झाली की माझी," म्हणाली आणि जपमाळ पिशवीत टाकली. पण महावीर जयंतीला आपल्या घरी, हे माझ्याकडून तिनं दोनदा वदवून घेतलं. मी बोटं मोजून दाखवली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मधे माझी परीक्षा, आणि मग ती घरी.

आज्जीची एक गोष्ट इथंच सांगायला पाहिजे. तिला काहीही विचारलं की ती आधी नगं म्हणते. चहा? नगं. ताक? नगं. नवीन लुगडं? नगं गं बाई, हाईत की. दुसऱ्यांदा विचारलं की "नगं म्हटलं न्हवं?" आणि तिसऱ्यांदा विचारलं की भलतीकडं बघत हात पुढं करून म्हणणार, "इतकं म्हणत्यास तर दे." एकट्या आज्जीचं नाही हे, आमच्याकडं सगळ्यांचंच असंय. पाहुणा नगं म्हणतो तेव्हा आम्ही दूध गॅसवर ठेवलेलं असतं. आई मात्र पुण्यात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिनं सासूला चहा विचारला, सासू नगं म्हणाली, आई बरं म्हणाली. असं चार दिवस. पाचव्या दिवशी गल्लीभर झालं, वृषभची बायको सासूला चहा देत न्हाय. आम्ही हे सांगून अजून आईला चिडवतो.

होममध्ये प्रत्येक खोलीत भिंतीला एक पांढरी डबी होती. डबी ऐकायची, बोलायची, आणि वर एक बारका कॅमेरा, कुणी पडलं तर कळावं म्हणून. ती दिवसभर आज्जी-आप्पांना विचारायची, पाणी हवं का, दुखतंय का, बाथरूमला जायचं का. "हो" म्हटलं की तिथं म्हाताऱ्यांचं सगळं बघणाऱ्या मंगलमावशीच्या मनगटावरच्या घड्याळात लाल ठिपका यायचा आणि ती धावत यायची. पूर्वी मंगलमावशी आणि अजून तिघी प्रत्येक खोलीत तास-तासाला फिरायच्या म्हणे. डबी आल्यावर दोघीच राहिल्या, आणि जिथं लाल तिथंच जायचं ठरलं.

पण सुरुवातीला डबी फारच शुद्ध बोलायची. "आपणांस जलपान करावयाचे आहे का?" आज्जी म्हणाली, ही बाई कुठली गं, तुझ्या आईच्या माहेरची काय? शेजारच्या खोलीतले नंदगडचे मष्णू आप्पा मुद्दाम तिला कन्नडमधून, कोकणीतून आणि मधेच शिट्टी वाजवून उत्तर द्यायचे. मग डबी म्हणायची, क्षमस्व, मला समजले नाही. "आता गप बसली बघ," म्हणून आप्पा टाळी मागायचे. आणि उलट म्हाताऱ्यांचं व्हय, न्हाय, दुखालंय, जेवालोय हे तिलाही कळायचं नाही.

ते दुरुस्त करायला बेळगावच्याच अनगोळ भागातले रविराजदादा यायचे. बेळगावातल्या एका कंपनीत इंजिनीअर. एका रविवारी मी आज्जीला शाळेतल्या भाषणाचा सराव म्हणून दाखवत होते. ते दारात थांबून ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे काय करालीस? आवाज चांगला हाय की गं तुझा. दोनशे वाक्यं म्हणशील?"

अण्णांनी फॉर्मवर सही केली. होमच्या ऑफिसात खिडकीला गाद्या लावून मी दोन रविवार वाक्यं म्हटली. पाणी घेतासा काय. दुखालंय काय. उगं उठू नगा, मंगलला बोलवतो. रविराजदादा म्हणाले, हसत म्हण, हसल्यालं ऐकू येतंय. मी हसत म्हटलं. आणि आज्जीच्या खोलीसाठी म्हणून त्यांनी माझ्याकडून वेगळी, अरेतुरेतली वाक्यं म्हणवून घेतली. "आज्जी, पाणी घेत्यास?" आणि उत्तरावरचं उत्तर, "बरं आज्जी!" ते बरं आज्जी मला पहिल्याच फटक्यात जमलं. त्यांनी परत लावून ऐकवलं, आणि मला खरंच वाटलं की मी कुणीतरी आहे.

मी नुसती वाक्यं म्हटली नाहीत, सुधारणाही सांगितल्या. आज्जी दिवस मावळल्यावर अन्नपाणी घेत नाही, तेव्हा संध्याकाळी विचारू नका, तिला पाप लागल्यासारखं होतं. त्यांनी डबीत रोजचा सूर्यास्त भरला. आज्जी उकळून गाळलेलंच पाणी पिते, खोलीत बाटली भरून ठेवलेलं तिला चालत नाही. त्यांनी नोंद केली, आज्जीचं पाणी स्वयंपाकघरातून, ताजं. मग आमच्याकडच्या शब्दांची यादी केली. ते विचारायचे, मी सांगायची.

"नगं?"

"नगं म्हंजे नको."

त्यांनी टाइप केलं. नगं = नको = नाही. मी मान डोलावली. आम्ही दोघं एकमेकांवर फार खूश होतो.

त्यानंतर अण्णांच्या मोबाइलवर ॲपमध्ये आज्जी दिसायला लागली. दिसायला म्हणजे हिरवे ठिपके. झोप, हिरवा. गोळ्या, हिरवा. पाणी, हिरवा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की अण्णा मोबाइल उघडून ठिपके बघायचे आणि मला हाक मारून सांगायचे, आज्जी मजेत आहे. आधी आम्ही दर रविवारी जायचो. मग एक रविवार आड. मग पूर्वपरीक्षा आली, मग अण्णांच्या दुकानात नवा माल आला. मी अपराधी वगैरे वाटून घेतलं नाही. रोज सहा वेळा मी तिच्याशी बोलतच होते की. हे मी मैत्रिणींना मोठ्या रुबाबात सांगायची.

फोनवर आज्जीसुद्धा तेच म्हणायची. "येऊ नगंस गं, अभ्यास कर. रोज येत्यासच की विचाराय." मला वाटलं ती चेष्टा करतेय. मी हसले. तीही हसली, पण माझ्या नंतर थोड्या वेळानं, मी हसले म्हणून हसल्यासारखी.

व्यायामाच्या बाई पायऱ्यांचा आकडा पाठवायच्या. डिसेंबरच्या शेवटी चार. जानेवारीत सहा, मग सात. अण्णांनी जिन्याला दुसऱ्या बाजूनं लोखंडी पाइप बसवून घेतला, आज्जीला धरायला. मी त्याला हिरवा रंग दिला. मग आकडा पाच आला. मग तीन. ॲपमध्ये त्याचा ठिपका पिवळा झाला. अण्णांनी फोन केला तर मॅनेजर मॅडम म्हणाल्या, थंडीनं होतं असं, बाकी सगळं हिरवं आहे बघा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी फोन आला. आज्जी व्यायामाला उठली आणि तिथंच खाली बसली. डबीनं पडल्याचं लगेच कळवलं, मंगलमावशी अर्ध्या मिनिटात पोचली, ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली. यंत्रानं जे करायचं ते सगळं वेळेवर केलं.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आज्जीच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसली नाही. अंगात पाणीच उरलं नव्हतं. लघवीचा संसर्ग होऊन तो रक्तात पसरला होता. दिवसाला किती पाणी पितात, डॉक्टरांनी विचारलं. अण्णांनी मोबाइल काढून हिरवा ठिपका दाखवला. डॉक्टरांनी तो बघितला आणि परत विचारलं, किती पितात?

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा आज्जीचं सामान घ्यायला होमवर गेलो. मंगलमावशी जिन्यात भेटली. तिनं माझा हात धरला. म्हणाली, जेवणाबरोबर दोन घोट घ्यायच्या, तेवढंच. लाल ठिपका आला असता तर मी पळत गेले असते गं. पूर्वी मी पाणी घेऊन उभीच राहायचे, घ्या की ओ आज्जी म्हणत. आता उभं राहायला वेळ कुठाय.

रविराजदादा ऑफिसात कॉम्प्युटर लावून बसले होते. त्यांनी नोंद दाखवली. पाणी, विचारले. उत्तर, नगं. पुढं हिरवा ठिपका. खाली परत तेच. दिवसाला सहा. हिरवा ठिपका पाणी प्यायल्याचा नव्हता, विचारल्याचा होता. ती ओळ संपतच नव्हती. मी म्हटलं, मला ऐकायचंय. अण्णा नको म्हणाले. मी परत म्हटलं. रविराजदादांनी एक उघडून लावलं.

माझा आवाज आला. "आज्जी, पाणी घेत्यास?" काय छान, हसरा.

"नगं गं बाळ."

मग काही नाही. कॉट किंचित करकरली, म्हणजे ती उठून नीट बसली असणार. मी ओळखते तो आवाज. ती बसते, पदर सारखा करते आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघते. तीन सेकंद. चार.

"बरं आज्जी!" मी म्हटलं.

रविराजदादांनी बंद केलं. अण्णा खिडकीकडं गेले. माझ्या डोक्यात फार वाईट काहीतरी होतं आणि ते मला रविराजदादांच्या अंगावर टाकायचं होतं. तुम्हाला कळत नव्हतं काय, असं मी म्हटलंसुद्धा. तुम्ही काय परदेशातून आलाय?

"अनगोळचा हाय मी," ते म्हणाले. "माझी आईबी तसंच म्हणत्या. दोनदा नगं, तिसऱ्यांदा दे. माहीत हुतं गं मला. तुलाबी माहीत हुतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोघांनाबी माहीत हुतं म्हणूनच कुणी कुणाला सांगितलं न्हाय."

सूर्यास्त मी सांगितला होता. उकळलेलं पाणी सांगितलं होतं. जे आमचं वेगळं ते सगळं सांगितलं. आणि जे रोजचंच, श्वासासारखं, ते सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही. नगं म्हंजे नको. मीच म्हटलं होतं.

आज्जी बारा दिवसांनी दवाखान्यातून सुटली. ताप उतरला, पण काहीतरी परत आलं नाही. ती बसते, बोलते, जप करते, पण मधूनच तिची दोरी सुटते. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं, कदाचित थोडं सुधारेल. पायऱ्यांचं कुणी विचारलं नाही. होमवर परत आणलं तेव्हा मॅनेजर मॅडमनी अण्णांपुढं कागद ठेवला. मुक्काम या शब्दापुढं दोन चौकोन होते, तात्पुरता आणि कायमचा. आधीच्या कागदावर तात्पुरताला खूण होती. अण्णांनी पेन घेतलं, माझ्याकडं बघितलं, मग कायमच्या चौकोनात खूण केली. आमच्या जिन्यातला हिरवा पाइप अजून तसाच आहे. आता मी त्याला धरून चढते, कारण कुणीतरी धरायला पाहिजे.

रविराजदादांनी परत बोलावलं. डबी आता तीनदा विचारणार होती, सगळ्या खोल्यांत. त्यासाठी नवी वाक्यं हवी होती. मी नाही म्हणणार होते. पण मग मष्णू आप्पा आठवले. तेही नगंच म्हणत असणार, शिट्ट्या मारून झाल्यावर. मी गेले. त्याच ऑफिसात, त्याच गाद्यांमधे उभी राहिले. "घ्या की ओ." "अर्धा गलास तरी." आज्जीच्या खोलीसाठी, "घे की गं आज्जी," आणि "अर्धा गलास, माझ्यासाठी." ते शेवटचं सात वेळा म्हणावं लागलं. हसू येत नव्हतं. शेवटी रविराजदादा म्हणाले, राहू दे, हे असंच चालेल.

परवाचा रविवार. परीक्षेला दहा दिवस उरलेत. मी एकटीच निपाणीहून बसनं गेले, पुस्तक मांडीवर उघडून, एक पानही न वाचता. आज्जीच्या खोलीत ऊन तिरकं आलं होतं. मी पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि फार आदरानं विचारलं, "कुठल्या गावची गं तू?"

निपाणीची, मी म्हटलं.

"आमचीबी निपाणीच," ती खूश झाली. "वळखत असशील की मग. श्रद्धी, माझी नात. साऱ्या शाळेत हुशार."

मी काही बोलायच्या आत डबी बोलली. "आज्जी, पाणी घेत्यास?"

आज्जीचा चेहरा एकदम उजळला. "ही बघ, आली." मग डबीकडं वळून, "नगं गं बाळ."

तीन सेकंद गेले. "घे की गं आज्जी," डबी म्हणाली. आज्जीनं मान वर करून डबीकडं नीट बघितलं. कपाळाला आठी पडली.

"अर्धा गलास, माझ्यासाठी," डबी म्हणाली. सातव्या वेळचा तो माझा आवाज.

"ही श्रद्धी न्हवं," आज्जी माझ्या कानाशी वाकून म्हणाली. "कोणतर दुसरीच हाय. माझी श्रद्धी एकदाच विचारत्या. लई घाईत असत्या गं, दहावी हाय तिची." आणि डबीला मोठ्यानं, तोडून टाकल्यासारखं, "नगं म्हणजे नगं."

डबी म्हणाली, बरं आज्जी.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, मंगलमावशीकडून उकळलेलं पाणी मागून घेतलं, ग्लासाला हात लावून कोमट आहे का बघितलं आणि परत येऊन तिच्यापुढं उभी राहिले. मला म्हणायचं होतं, मीच आहे, आज्जी. बघ की. पण मग मला तिला सांगावं लागलं असतं की इतके दिवस रोज सहा वेळा येऊन एकदाच विचारून जात होती ती कोण होती.

"पाणी घेता काय, आज्जी?" परक्या माणसाला विचारतात तसं मी विचारलं.

"नगं गं."

"घ्या की."

"नगं म्हटलं न्हवं?"

"घोटभर तरी. एवढं लांबनं आलोय."

आज्जीनं खिडकीकडं बघितलं. पदर सारखा केला. आणि तिकडंच बघत हात पुढं केला. "इतकं म्हणत्यास तर दे."

दोन घोट घेतले. तिसरा घेताना थोडं सांडलं, मी माझ्या ओढणीनं हनुवटी पुसली. तिनं ग्लास माझ्या हातात परत दिला, डबीकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"माझ्या नातीला सांगू नगंस हां, तुझ्या हातचं प्यालो म्हणून. तिला वाईट वाटंल."

नाही सांगत, मी म्हटलं. ग्लासात अर्धं पाणी अजून होतं. दिवस मावळायला वीस मिनिटं होती. मी परत पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.